आयुबला कळवावे

चाँदपाशांचा आवाज फार मोठा होता असं नाही, पण लांब होता. ओरडून दवंडी देणारे पुष्कळ असतात. चाँदपाशा शेवटचं अक्षर सैल सोडायचे आणि ते अक्षर भिंतीला हात लावत गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचं. दळणाऱ्या बाया जातं थांबवायच्या. माझे वडील शिवशरण गावच्या कमिटीत कारकून होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. अप्पा म्हणत, "मी लिहायचो ते दप्तरात पडून राहायचं. चाँदभाईंनी म्हटलं की ते गावात राहायला यायचं."

आमचं गाव येडशी स्टेशनपासून चार कोसांवर. निजामाच्या राज्यात दोन पिढ्यांमागं इथं बाजार बसवला, तेव्हा त्या वेळच्या निजामाच्या नावावरून गावाचं नाव महबूबगंज पडलं. त्याआधीचं नाव बेलखळ. दोन्ही नावं एका घरातल्या जावांसारखी नांदत होती. लग्नाच्या बैठकीत बेलखळ, कचेरीत महबूबगंज. माहेरवाशिणी बेलखळला यायच्या आणि पोलिसानं हटकलं की महबूबगंजच्या व्हायच्या. कमिटीच्या शिक्क्यावर उर्दूत 'मजलिसे बलदिया, महबूबगंज' असं कोरलेलं होतं. दिवसभर तो शिक्का उमटवून अप्पा संध्याकाळी बेलखळला जेवायला येत.

दवंडीचं काम चाँदपाशांच्या घरात वडिलांपासून होतं. डफ कमिटीचा, पण त्याला ऊन दाखवणं, कडब्याच्या आगीवर शेकणं, पावसात सदऱ्याखाली धरणं हे सगळं त्यांच्याकडं. बायको रजियाबी आणि एकुलता मुलगा आयुब. आयुब येडशी स्टेशनवर हमाली करायचा. चार इयत्ता उर्दू शिकलेला, अक्षर बरं. आई त्याला म्हणायची, "इतकं शिकून पोती उचलतो." तो म्हणायचा, "पोत्यावर काय लिहिलंय ते वाचून उचलतो ना, अम्मी."

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हिंदुस्थानच्या फौजा आल्या आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. त्या दिवसांत गावाबाहेरच्या रस्त्यांवर कुणाचाच भरवसा नव्हता. आधीच्या वर्षभरात एकांनी दुसऱ्यांना छळलं होतं, आता उलटं चाललं होतं, आणि दोन्ही वेळा सापडत होते ते ज्यांनी काही केलं नव्हतं ते. एका संध्याकाळी आयुब येडशीहून परत आला नाही. रुळांवर काम करणाऱ्या एकानं आठ दिवसांनी सांगितलं की त्याला कुर्डुवाडीकडं जाणाऱ्या छोट्या गाडीत बसताना पाहिलं. जाताना एवढंच म्हणाला, "अम्मीला सांगा, पत्र टाकतो."

तेव्हापासून रजियाबी पत्राची वाट बघत होती. टपालवाला आठवड्यातून दोनदा येई. ती त्याला काही विचारत नसे. तो गल्लीतून जाईपर्यंत सूप हातात धरून उभी राही, आणि तो वळला की पाखडायला बसे.

एकोणपन्नासच्या फेब्रुवारीत नव्या कमिटीची बैठक झाली. अध्यक्ष गुंडप्पा अण्णा, तेलाचे आणि धान्याचे आडते. सभासदांत सगळ्यात तरुण बसवराज. मागचं वर्ष त्यानं बार्शीच्या बाजूला सरहद्दीवर, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीत काढलं होतं. तिथून तो खादी, खोकला आणि भाषणाची सवय घेऊन परतला होता. ठराव त्यानंच आणला. कमिटीचं नाव बदलावं. मजलिसे बलदिया जाऊन नगर समिती यावी, महबूबगंज जाऊन बेलखळ यावं. कुणाचाच विरोध नव्हता. रिवाजाप्रमाणे तीन बाजारांना दवंडी द्यायची, हरकती मागवायच्या आणि मग ठराव धाराशिवला पाठवायचा.

चाँदपाशांना बोलावून अप्पांनी मजकूर वाचून दाखवला. लिहिता-वाचता येत नसल्यानं ते एकदा ऐकून पाठ करत. त्या दिवशी त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग दाराशी थांबून विचारलं, "कारकूनसाहेब, नाव बदलल्यावर टपालाचं काय होतंय?"

अप्पा शिक्क्याची शाई पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "नव्या नावानं आलं तर पोचेल. जुन्या नावानं आलं तर परत जाईल."

खरं म्हणजे अप्पांना टपाल खात्याचं काही माहीत नव्हतं. पण कारकुनाला 'माहीत नाही' असं म्हणता येत नाही. तोंडाला एक वळण पडलेलं असतं. ते वाक्य अप्पांनी मला पुढं अनेकदा सांगितलं, आणि दरवेळी सांगताना शाई पुसल्यासारखी बोटं चोळली.

मंगळवारचा बाजार भरला. मेथी आली, मिरच्यांचे ढीग लागले, बेंबळीकडचे शेळ्यांचे व्यापारी आले. दवंडी झाली नाही.

दुपारी बसवराज चाँदपाशांच्या दारात गेला. ते ओट्यावर दोरी वळत बसले होते.

"चाँदचाचा, आज दवंडी होती."

"घसा बसलाय."

"सकाळी तर शेळीला हाका मारत होता. माझ्या घरापर्यंत ऐकू आलं."

"त्यातच बसला."

शेजारच्या ओट्यावरची माणसं हसली. बसवराज हसला नाही. "बाकी सगळ्याला घसा चालतो," तो म्हणाला, "आणि बादशहाचं नाव पुसायचं म्हटलं की बसतो व्हय?"

चाँदपाशांनी दोरीला पीळ घातला. बोलायचं तर आयुबचं नाव काढावं लागलं असतं. फौजा आल्या त्या आठवड्यात ज्याचा मुलगा गाव सोडून गेला, त्याच्याबद्दल लोक एकच प्रश्न विचारत होते: का गेला? घाबरून गेला हे उत्तर खरं होतं आणि कुणाला पुरत नव्हतं.

दुसऱ्या मंगळवारीही घसा बसलेलाच होता. बसवराजनं कमिटीला लिहून दिलं की चाँदपाशांकडून डफ काढून घ्यावा. बैठक गुरुवारी ठरली. गावात कुजबुज सुरू झाली.

बुधवारी रजियाबी मिरच्या घ्यायला इरम्माकडं गेली. इरम्मा बाजारात मिरची-हळद विकायची. गळ्यात लिंग, कपाळाला विभूतीचे पट्टे, आणि जीभ तिच्या मालासारखी. तागडी तिच्या हातात असताना कुणी तिच्याशी वाद घालत नसे. तिनं पावशेर मिरच्या तोलल्या आणि रजियाबीकडं बघितलं.

"मिरची तर अजून तुझ्या फडक्यात बी पडली न्हाय. मग डोळ्यात पाणी कशाचं?"

रजियाबीनं सांगितलं. आयुबला टपालाचा पत्ता एकच माहीत: महबूबगंज, येडशी मार्गे. तो लिहील तर तेच लिहील. आणि ह्यांनी ज्या दिवशी दवंडी दिली, त्या दिवसापासून ते पत्र परत फिरणार. "हे म्हणतात, मी माझ्या तोंडानं माझ्या पोराची वाट कशी मोडू? तीस वरसं कमिटीचं मीठ खाल्लं, पर हे तोंडातून निघत न्हाय."

इरम्मानं तागडी खाली ठेवली.

गुरुवारी कमिटी चावडीत बसली होती. बाईमाणसानं तिथं येण्याचा रिवाज नव्हता. इरम्मा आली आणि दाराच्या आत, जिथं अर्जदार उभे राहतात, तिथं बसली.

"अक्का, तुमचं काय काम?" गुंडप्पा अण्णांनी विचारलं.

"हरकत घ्यायला आले. हरकती मागवल्यात न्हवं?"

"नाव बदलायला तुमची हरकत हाय?"

"नाव काय बी ठेवा. डफ काढून घ्यायला हरकत हाय." मग ती बसवराजकडं वळली. "आखाडात तू कुठं व्हतास रं, बसू?"

"बार्शीला. सगळ्यांना माहीत आहे."

"व्हय. झेंडा धरून. तुझी आई मातुर हितं व्हती, बहीण हितं व्हती. गुंडप्पा अण्णा, तुमी सोलापुरात व्हता. म्हणून तुमाला दोघांना ठावं न्हाय. रझाकारांची टोळी आली आन् ह्याच चावडीत बसली. चाँदभाईला सांगितलं, दवंडी दे: उद्या सकाळच्याला झाडून सगळ्या बाप्यांनी चावडीपुढं जमायचं, मोजदाद हाय, भ्यायचं काम न्हाय. त्यांनी दिली. शब्दाला शब्द दिली. टोळीचा माणूस संगं व्हता, त्यानं समदं ऐकलं. पर दवंडी फिरली डावी."

चावडीत बसलेल्या वयस्कर माणसांनी माना खाली घातल्या. बसवराजला कळलं नाही. त्याच्या वयाच्या कुणालाच कळलं नसतं.

आमच्या गावात दवंडी उजवी फिरते. चावडीपासून निघायचं, मारुती, बाजार, दर्गा, वेस असं देवळाला प्रदक्षिणा घालावी तसं गाव उजव्या हाताला ठेवून चावडीला परत यायचं. ती डावी फिरे फक्त एकाच कारणासाठी: पटकी किंवा प्लेग आला तर. साथीचं नाव मोठ्यानं घ्यायचं नाही, घेतलं तर ती घरात येते, अशी समजूत. म्हणून दवंडीवाला काहीतरी साधंच बोलायचा, पाणीपट्टीचं, गुरांचं. पण डावीकडून यायचा. शब्द कुणी ऐकत नसे. आवाज कुठल्या बाजूनं आला एवढंच ऐकलं की लोक भांडी बांधायचे आणि दिवस मावळायच्या आत गाव रिकामं करून रानात झोपड्या घालायचे. चाँदपाशांच्या वडिलांनी प्लेगात एकदा अशी दवंडी दिली होती. नंतर तीस-बत्तीस वर्षांत कुणी दिली नव्हती.

"म्या चुलीपाशी व्हते," इरम्मा म्हणाली. "आवाज वेशीकडनं आला. म्हटलं, म्हातारी झाले, कान फिरले. मग दर्ग्याकडनं आला. तवा भाकरी तव्यावर टाकून उठले. तुझ्या आईला म्हटलं, ऊठ. ती म्हणली, कुठं? म्हटलं, गप चल. रामलिंगच्या डोंगरात चार रात्री काढल्या आमी. तिथनं निम्मे बार्शीला गेले. टोळीला सकाळी काय मिळालं? कुत्री आन् हा चाँदभाई."

माझी आई त्या डोंगरात होती, सात महिन्यांची गरोदर. तिच्या पोटात मी होतो. त्यामुळं ही गोष्ट मी सांगतो तेव्हा ऐकीव म्हणून सांगत नाही.

टोळीनं बाजारातली दुकानं जाळली. चाँदपाशांना विचारलं, लोक का पळाले? ते म्हणाले, तुम्ही सांगितलं तेच बोललो, तुमचाच माणूस बरोबर होता. त्या माणसानं साक्षही दिली की एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. तरी त्यांना मारलं. खांद्याचं हाड मोडलं ते वाकडंच जुळलं. गाव परत आल्यावर लोकांनी विचारलं, तर म्हणाले, "मारुतीपाशी चिखल होता, म्हणून दुसरीकडून निघालो." आषाढात चिखल असतोच. ज्यांना समजायचं ते समजले, आणि ज्याला लपवायचं आहे त्याचं लपू द्यावं म्हणून गप्प बसले. तेव्हा अजून निजामाचंच राज्य होतं. पुढं राज्य गेलं, पण गप्प बसण्याची सवय तशीच राहिली.

"हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?" बसवराजचा आवाज बारीक झाला होता.

"तू इचारलंस कधी? आल्या दिवसापासनं तूच बोलतोयस."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. इरम्मा पुढं म्हणाली, "आन् घसा बी बसला न्हाय त्यांचा. पोराचं पत्र यायचंय. हा शिवशरण त्यांना म्हणला, जुन्या नावानं आलं तर परत जाईल. बापानं काय करावं?"

अप्पा इतिवृत्त लिहीत होते. त्या पानावर एक मोठा डाग आहे. लेखणी तिथं बराच वेळ टेकलेली होती.

गुंडप्पा अण्णांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. ते विचार करायला लागले की असं करत. मग म्हणाले, "शिवशरण, लिही. ठराव मंजूर. अंमल चाँदपाशांच्या मुलाचं पत्र येईपर्यंत तहकूब."

"आणि नाहीच आलं तर?" एका सभासदानं विचारलं.

"बसूच्या आईनं लग्नानंतर बसूसाठी नऊ वरसं वाट बघितली," इरम्मा उठता उठता म्हणाली. "निपजला हा असा. तरी ती खूष हाय."

पहिली सही बसवराजनं केली.

सही करून झाल्यावर सगळेच उठून चाँदपाशांच्या घरी गेले. एवढी माणसं एकदम दाराशी आलेली बघून चाँदपाशा आत गेले आणि डफ घेऊन बाहेर आले. त्यांना वाटलं, न्यायला आलेत. गुंडप्पा अण्णांनी डफ घेतला नाही, हात जोडले. ठराव सांगितला.

चाँदपाशांनी डफ ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "अण्णा, लई मेहरबानी. पर माझ्या एका पोरासाठी गाव थांबवू नगा. आज तुमी खुशीनं थांबाल. दोन वरसांनी लोक शिक्क्याकडं बघतील आन् म्हणतील, ह्या म्हाताऱ्यापायी अडलंय. मला रोज बाजारातनं जायचंय."

दारामागून रजियाबी म्हणाली, "ह्यांचं ऐकू नका. थांबवा."

"अगं..."

"थांबवा म्हटलं. ह्यांना काय, हे फिरत असतात. दारात मी असते."

ओट्यावर बसून माणसं आपापल्या पायांकडं बघत राहिली. शेवटी गुंडप्पा अण्णा बोलले, पण अध्यक्षासारखे नाही, आडत्यासारखे. "वैनी, एक बोलू? नाव बदललं की मला माझ्या सगळ्या पेठांना कळवावं लागणार. न्हायतर माझाच माल चुकेल. सोलापूर, लातूर, पुणं, मनमाड, मुंबई. हप्त्याला साठ कार्डं जात्यात माझी. बाकीच्या आडत्यांची येगळी. त्या दर कार्डात दोन ओळी जास्त घालतो. गावाचं नाव हे व्हतं, आता हे झालं. आन् चाँदपाशांचा आयुब कुणाला भेटला तर त्याला बी कळवा. पत्र हितं यायची वाट बघण्यापेक्षा आपणच धाडू की."

आत सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"साठ?" रजियाबीनं विचारलं.

"हप्त्याला."

"मग लिहा. उजव्या कानाची पाळी फाटलेली. लहानपणी शेळीनं ओढली."

"शेळीनं कुठं?" चाँदपाशा म्हणाले. "खिळ्याला अडकली."

"शेळीनं. तुमी दवंडीला गेला व्हता."

अप्पांनी तिथंच ओट्यावर मजकूर लिहिला आणि वाचून दाखवला: 'आमचे गाव महबूबगंज याचे नाव आता बेलखळ झाले आहे. टपाल या नावाने धाडावे. येथील चाँदपाशा दवंडीवाले यांचा मुलगा आयुब, वय बावीस, उजव्या कानाची पाळी फाटलेली, आपल्या पेठेत दिसल्यास हे आयुबला कळवावे. आईवडील वाट पाहतात.' शेवटच्या तीन शब्दांना चाँदपाशांनी हरकत घेतली. आडत्याच्या कार्डात असलं कशाला, म्हणाले. रजियाबीनं राहू द्यायला सांगितलं. राहिले.

पुढच्या मंगळवारी दवंडी झाली. उजवी. बाजार त्या दिवशी जरा जास्तच भरला होता. मारुतीपाशी चाँदपाशांनी डफावर थाप दिली, कमिटीचं नवं नाव घेतलं, जुनं घेतलं, आणि 'बेलखळ' म्हणून शेवटचं अक्षर सोडून दिलं. ते अक्षर गल्लीत शिरलं. नेहमी ते पुढचं वाक्य लगेच घेत; त्या दिवशी ते अक्षर पार निघून जाईपर्यंत थांबले. मग म्हणाले की ज्यांची हरकत असेल त्यांनी चावडीत यावं.

"माझी हाय," इरम्मा ढिगामागून ओरडली. "गिऱ्हाइकाच्या आडवं उभं राहू नका, चाँदभाई!"

कार्डं सुटू लागली. आधी तेलाच्या आणि करडईच्या आडत्यांची, मग कापडवाल्यांची, मग ज्याचं कुणी कुठं गिरणीत होतं त्या सगळ्यांची. अप्पा कमिटीचं काम संपल्यावर लिहायला बसत. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते 'त्या दोन ओळी घातल्या का' असं विचारून मगच अंगठा करत. लग्नपत्रिकेतही घातल्या एकानं, शुभमुहूर्ताच्या खाली. बसवराजनं छावणीतल्या ओळखीच्या माणसांना लिहिलं, आणि ही माणसं आता पार नागपूरपर्यंत पसरली होती.

उत्तरं आली. गुलबर्ग्यात एक आयुब सापडला. तो पन्नाशीचा शिंपी निघाला आणि त्यानं कळवलं की माझे दोन्ही कान शाबूत आहेत, तरी आपल्या काळजीबद्दल आभारी आहे. पुण्याहून एकानं फाटक्या कानाच्या माणसाचं वर्णन धाडलं, पण तो पैलवान होता. रजियाबी प्रत्येक उत्तर वाचून घ्यायची आणि म्हणायची, "त्याच्या आईला तरी कळलं असंल, पोरगा कुठं हाय." उन्हाळा गेला. सुगी आली. तिनं टपालवाल्याला आता विचारायला सुरुवात केली होती. अप्पा म्हणत, ते चांगलं लक्षण होतं.

डिसेंबरात, गुरुवारी, टपालवाला गल्लीच्या तोंडापासूनच हात वर करून आला.

अप्पांना बोलावलं. पत्र उर्दूत होतं, वर पत्ता बेलखळ. ओट्यावर बसून अप्पांनी वाचलं. आयुब मनमाडच्या मालधक्क्यावर हमाली करत होता. एका आडत्याच्या मुनिमानं पोती मोजता मोजता त्याच्या कानाकडं बघितलं, गल्ल्यातून एक मळकं कार्ड काढलं आणि त्याला वाचून दाखवलं. आयुबनं लिहिलं होतं: 'मी कुर्डुवाडीला गाडी बदलली तेव्हा आपल्या बाजूचा एक जण भेटला. तो म्हणाला, महबूबगंज सगळं जळालं, कुणी राहिलं नाही. मी परत यायला निघालो होतो, त्याच्या बोलण्यानं नाही आलो. मग पत्र कुणाला लिहायचं? नाव तोंडात घ्यायलाही भीती वाटायची. कार्डात गावाचं नाव बदललं असं ऐकलं तेव्हा कळलं की गाव आहे. खाली अब्बांचं नाव होतं. ते दवंडीवाले म्हणून लिहिलं होतं, म्हणजे अजून दवंडी देतात. आईवडील वाट पाहतात, हे मुनिमाकडून मी चार वेळा वाचून घेतलं. मी मराठी वाचायला शिकतो आहे. रमजानच्या आधी येईन.'

अप्पांनी कागद खाली ठेवला. पत्र परत जाईल म्हणाले होते ते. लिहिलंच गेलं नव्हतं, तर परत काय जाणार? नाव जुनं ठेवून गाव दहा वर्षं थांबलं असतं, तरी ते आलं नसतं.

"पुन्हा वाचा," रजियाबी म्हणाली. तीनदा वाचून झाल्यावर ती म्हणाली, "एवढं लिहिलं, पर जेवतो कुठं ते न्हाय लिहिलं."

चाँदपाशा ओट्यावर नव्हते. कुणाच्या लक्षात यायच्या आधी मारुतीकडून डफाची थाप ऐकू आली. त्या दिवशी बाजार नव्हता, कमिटीचा हुकूम नव्हता. बाया दारात आल्या. चाँदपाशा वाकडा खांदा सावरत गल्लीतून येत होते आणि दर वळणावर एवढंच म्हणत होते, "ऐका हो. आयुबचं पत्र आलं. मनमाडला हाय. समद्यांची मेहरबानी." शब्द इतके थोडे होते, तरी शेवटचं अक्षर सैल सोडणं त्यांना जमत नव्हतं, ते बऱ्याचदा मधेच तुटत होतं. बाजार, दर्गा, वेस. पूर्ण गाव.

पुढच्या बैठकीचं इतिवृत्त अप्पांच्या अक्षरात आहे. 'कमिटीचा डफ विनाहुकूम खासगी कामास वापरल्याबद्दल चाँदपाशा यांना समज द्यावी असे ठरले. सूचना: बसवराज. अनुमोदन: सर्व. समज देण्यासाठी सर्व सभासदांनी जावे. सोबत पाच शेर गूळ न्यावा.'

चाँदपाशांनी ओट्यावर उभं राहून समज घेतली. बसवराजनं ती गंभीर चेहऱ्यानं दिली आणि शेवटी त्यालाच पुढचे शब्द सापडेनात, तेव्हा तो त्यांच्या पाया पडला. रजियाबीनं गुळाची ढेप बत्त्यानं फोडली आणि खडे गल्लीभर पाठवले. इरम्मा बाजारातूनच आली होती. हाताला हळद होती म्हणून तिनं आ केला आणि रजियाबीनं खडा तिच्या तोंडात घातला.

"गोड हाय," इरम्मा म्हणाली. "आता पोराला लिवा, म्हणावं येताना पोत्यावरचं वाचत बसू नको. हितं एक मुलगी बघून ठेवलीया."